खांडबाऱ्याहून न्यूयॉर्क किती लांब?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

प्रश्न साधा वाटतो. हल्ली कुठल्याही मोबाइलवर दोन विमानतळांची नावं घातली की अंतर आणि वेळ दोन्ही समोर येतात. मुंबई ते न्यूयॉर्क, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा-सोळा तास. आकडा बरोबर आहे. पण हा आकडा विमानतळापासून विमानतळापर्यंतचा. माणूस काही विमानतळावर राहत नाही. तो राहतो नवापूर तालुक्यातल्या खांडबाऱ्याला, तिथून विसरवाडीवरून हमरस्त्याला लागतो किंवा स्टेशनवर येऊन सुरतेची गाडी पकडतो. मग त्याच्यासाठी न्यूयॉर्क किती लांब? आणि शंभर, दोनशे, चारशे वर्षांपूर्वी ते किती लांब होतं? इतिहासाचा शिक्षक म्हणून मला या दुसऱ्या प्रश्नात जास्त रस आहे. पहिल्याचं उत्तरही त्याच्याच पोटात सापडतं.

आधी त्या साडेबारा हजारांचं बघू. शाळेत भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा आठवा. त्यावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीनं जोडलं तर रेघ अरबस्तान, आफ्रिकेचा माथा, अटलांटिक अशी जाते. आता शाळेतला पृथ्वीचा गोल घ्या आणि या दोन गावांमध्ये एक दोरा घट्ट ताणा. दोरा आपोआप वर सरकतो. तो मध्य आशिया, रशिया करत थेट नॉर्वे-आइसलँडच्या बाजूला चढतो आणि तिथून कॅनडाच्या अंगानं खाली उतरतो. हीच सगळ्यांत जवळची वाट. मी हा प्रयोग आठवीच्या वर्गात अनेकदा केला. मुलांना आधी खोटं वाटतं, मग दोरा हातात घेतला की पटतं. सपाट कागदावरची सरळ रेघ गोल पृथ्वीवर सरळ राहत नाही. नकाशा लोंबता आणि दोरा ताणलेला, एवढाच काय तो फरक.

अर्थात विमान दोऱ्यावरून चालत नाही. वारा आणि राजकारण दोन्ही त्याला वाट बदलायला लावतात. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, म्हणून अमेरिकेला जाताना वेळ जास्त आणि येताना एखाद-दोन तास कमी. राजकारणाचं म्हणाल, तर फेब्रुवारी 2019 मध्ये बालाकोटनंतर पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं ते जुलैपर्यंत. 24 एप्रिल 2025 रोजी भारतीय विमानांना पुन्हा मनाई झाली. दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानांना वळसे पडले, काहींना मध्ये इंधनासाठी उतरावं लागलं. दोन शहरं जागची हलली नाहीत, पण त्यांच्यातलं अंतर तासांनी वाढलं.

आता मागं जाऊ. आपल्या या भागातून एक फार जुनी वाट जाते. सुरत बंदरातून व्यारा, नवापूर, नंदुरबार करत तापीच्या कडेकडेनं बऱ्हाणपूर आणि पुढे आग्रा. मोगलांच्या काळात परदेशी माणूस हिंदुस्थानात उतरायचा तो बहुधा सुरतेला, आणि बादशहाकडे जायला ही एक मोठी वाट होती. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सप्टेंबर 1615 मध्ये सुरतेजवळ जहाजातून उतरला आणि नोव्हेंबरात बऱ्हाणपूरला शाहजादा परवेजच्या दरबारात पोहोचला. इंग्लंडहून सुरतेला यायला त्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लागला होता, आफ्रिकेला वळसा घालून. पुढे सुरत ते बऱ्हाणपूर, साधारण दोन आठवडे. म्हणजे समुद्राच्या मानानं जमिनीचा प्रवास फारच थोडा. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे आपल्याला ते लागणार आहे.

त्याच शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याच वाटेवरून गेला. त्यानं मुक्कामाची गावं आणि त्यांच्यातलं अंतर कोसांत लिहून ठेवलं आहे. त्यात आपलं नवापूर आहे. नवापूरच्या तांदळाचं त्यानं मोठं कौतुक केलं. दाणा बारीक आणि वास कस्तुरीसारखा, असं त्याचं म्हणणं. नवापूरकरांनी हे वाचलं तर छाती फुगेल. पण मला त्यातली अंतर सांगण्याची रीत जास्त मोलाची वाटते. कोस हे माप काही लोखंडी पट्टीवरचं नव्हतं, मुलखागणिक ते कमी-जास्त व्हायचं. बैल किती चालतो, मुक्काम कुठं पडतो, पाणी कुठं मिळतं, त्यावर हिशेब. आमच्याकडचे म्हातारे आजही एखादं गाव किती लांब असं विचारलं तर किलोमीटर सांगत नाहीत. ‘सकाळी निघालं तर जेवणाला पोचशील’ असं सांगतात. कागदावर ते माप कच्चं, पण चालणाऱ्याला उपयोगी तेच. भरलेली बैलगाडी दिवसाला सात-आठ कोस जायची. त्या हिशेबानं खांडबारा ते सुरत पाचेक मुक्काम.

हे पाच मुक्काम एका दिवसाच्या आत आणले ते रेल्वेनं. सुरत-मुंबई लोहमार्ग 1864 मध्येच जोडला गेला होता, पण सुरतेहून पूर्वेकडे तापीच्या खोऱ्यात रूळ यायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. तापी व्हॅली रेल्वे नावाच्या खासगी कंपनीचा हा मार्ग, मुंबईच्या किलिक निक्सन या व्यापारी पेढीच्या व्यवस्थेखालचा. खानदेशचा कापूस बंदराकडे न्यायचा हा त्यातला मोठा हेतू. माणसं न्यायची म्हणून काही कोणी या जंगलातून रूळ टाकले नाहीत. पण रूळ पडले की माणसं चढतातच. खांडबारा स्टेशन झालं आणि ज्या माणसाला सुरत पाच मुक्कामांवर होती, ती सकाळी निघून संध्याकाळच्या आत दिसू लागली. पुढे, 1 मे 1960 ला, याच मार्गावर दोन राज्यांची हद्द आली आणि नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत गेलं. तिकिटाची खिडकी इकडे, स्टेशन मास्तरची खोली तिकडे. फलाटावरच्या एका बाकावर दोन माणसं दोन राज्यांत बसतात. असं अंतर कुठल्या कोष्टकात मांडणार?

रेल्वेबरोबर घड्याळ आलं, हेही सांगायला हवं. त्याआधी प्रत्येक गावाची वेळ सूर्यावर. रेल्वेला हे परवडत नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या रेल्वे मद्रासची वेळ पाळत. 1906 पासून आजची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबई शहर मात्र हट्टानं आपल्या वेळेवर चाललं, प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागं, आणि ती वेळ तिथं 1955 पर्यंत टिकली. म्हणजे या काळात प्रमाणवेळेवर धावणाऱ्या गाडीतून मुंबईत उतरलेला माणूस, गावातल्या घड्याळाप्रमाणे, 39 मिनिटं आधीच पोहोचलेला असायचा.

आता महासागराकडे. अमेरिकेला गेलेल्या मराठी माणसांत पहिलं नाव डोळ्यांसमोर येतं ते डॉ. आनंदीबाई जोशी यांचं. 7 एप्रिल 1883 ला त्या कलकत्त्याहून जहाजानं निघाल्या. सुएझ कालवा 1869 मध्येच खुला झाला होता, म्हणून आफ्रिकेचा वळसा वाचला. इंग्लंडमध्ये जहाज बदलून 4 जून 1883 ला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. 58 दिवस. वय अठरा. डॉक्टरकीची परीक्षा 1886 च्या मार्चमध्ये झाली, पण शरीर क्षयानं पोखरलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या परत निघाल्या आणि नोव्हेंबरच्या मध्यास मुंबईला पोहोचल्या. त्यानंतर त्या जेमतेम तीन महिने जगल्या. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्यांचं निधन झालं. पुढे त्यांच्या अस्थींनी तोच समुद्र पुन्हा ओलांडला. ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना अमेरिकेत आईसारखं सांभाळलं, त्यांच्याकडे त्या पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. क्षयाच्या रोग्यानं थंड समुद्रावर काढलेले ते आठवडे मला कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त काही सांगतात.

पण त्या काळाची आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या दृष्टीनं सगळ्या विषयाची किल्ली तिथं आहे. 1870 मध्ये समुद्राखालून टाकलेल्या तारेनं मुंबई लंडनला जोडली गेली. तारायंत्र येण्याआधी बातमी आणि माणूस एकाच वेगानं प्रवास करत. चिठ्ठी घेऊन माणूसच यायचा, घोड्यावरून किंवा जहाजातून. कुणी गेल्याचं कळेपर्यंत महिने उलटलेले असायचे, रडणंही शिळं झालेलं असायचं. तार आली आणि बातमी माणसाच्या पुढे धावली. कळतं आज, पोहोचता येतं दोन महिन्यांनी. दूरचं अंतर तेव्हापासून जास्त बोचायला लागलं असं मला वाटतं. कळणं आणि पोहोचणं यांच्यामधला जो वेळ, तेच खरं अंतर. ते मैलांत मोजता येत नाही.

विमानानं कमी केलं ते हे अंतर. पण एका झटक्यात नव्हे. 1929 च्या मार्चअखेर इंपीरियल एअरवेजनं लंडन-कराची सेवा सुरू केली. प्रवासाला सात दिवस. गंमत म्हणजे या ‘हवाई’ प्रवासात मध्ये बाझल ते जिनोआ चक्क रेल्वेनं जावं लागायचं. कराचीला टपाल उतरायचं आणि पुढे रेल्वेनं देशभर. ही उणीव भरून काढली जे. आर. डी. टाटांनी. 15 ऑक्टोबर 1932 ला ते कराचीहून पस मॉथ नावाचं एका इंजिनाचं चिमुकलं विमान स्वतः चालवत निघाले, टपालाच्या थैल्या घेऊन. अहमदाबादला इंधनासाठी उतरले. ते इंधन विमानापर्यंत आलं बैलगाडीतून! दुपारी ते मुंबईत जुहूला उतरले. पुढे मद्रासपर्यंत ते टपाल नेलं नेव्हिल विंटसेंट यांनी. ती बैलगाडी मला फार आवडते. नव्या प्रवासाचं पोट जुन्या वाहनानं भरलं.

स्वातंत्र्यानंतर 8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं आणि 10 जूनला तिथं उतरलं. प्रवासी 35. याच विमानाला 3 नोव्हेंबर 1950 रोजी आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर अपघात झाला आणि 48 जण दगावले. 1960 मध्ये बोइंग 707 ही जेट विमानं आली. त्याच वर्षी मे महिन्यात एअर इंडियाची सेवा न्यूयॉर्कपर्यंत गेली, अर्थात वाटेत थांबत. मग 2006-07 च्या सुमारास मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला न थांबता जाणारी विमानं सुरू झाली. एअर इंडियाचं मुंबई-न्यूयॉर्क थेट विमान 1 ऑगस्ट 2007 पासून. यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. 1960 च्या जेटचा वेग ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास होता आणि आजच्या विमानाचाही तेवढाच आहे. गेल्या साठ वर्षांत प्रवासी विमान जवळपास एक मैलही जोरात धावायला शिकलेलं नाही. वेळ वाचला तो थांबे गेले म्हणून.

कागदावर मात्र वेळेची मोठी गंमत दिसते. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागं असतं. मुंबईहून रात्री एकला निघून सोळा तास उडालं, तर तिथं सकाळचे साडेसहा वाजलेले असतात, तारीख तीच. तिकीट बघणाऱ्याला वाटावं, साडेपाच तासांचा प्रवास. उलट येताना चौदा तासांचा प्रवास कागदावर साडेचोवीस तासांचा होतो. आमच्या घरात पहिलं असं तिकीट आलं तेव्हा माझ्या वहिनीनं बोटांवर मोजून सांगितलं होतं, ‘म्हणजे जायला जवळ आणि यायला लांब.’ मी तिला घड्याळांचा फरक समजावून सांगितला. तिचं वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आता ज्याच्यासाठी एवढा हिशेब मांडला ते. जानेवारी 2014. एका मंगळवारी पहाटे पाचला माझे थोरले बंधू खांडबाऱ्याला गेले. पुतण्या न्यू जर्सीत. फोन लागला तेव्हा त्याच्याकडे सोमवारची संध्याकाळ होती, साडेसहा. तार-टपाल काही नाही, आवाज थेट कानात. त्या रात्रीच्या विमानात जागा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराचं मिळालं. मी त्याच्याशी बोलत कागदावर आकडे मांडत होतो. साडेसोळा तास तिथंच थांबण्यात. चौदा तास विमानात. मुंबईला उतरून बाहेर यायला दीड. आणि मुंबई ते खांडबारा मोटारीनं नऊ. एकूण एकेचाळीस तास. बुधवारी रात्री दहा. घरात दोन मतं झाली. कुणी म्हणालं बर्फ आणू, एकुलता एक आहे, थांबू. वहिनी काही बोलत नव्हती. शेवटी त्यानंच सांगितलं, ‘काका, थांबू नका. आईचे हाल होतील. मी येईन तेव्हा येईन.’ मंगळवारी दुपारी आम्ही सगळं उरकलं. पाणी मी दिलं. तो बुधवारी रात्री आला. गुरुवारी सावडायला होता.

त्या एकेचाळीस तासांकडे आज इतिहासाच्या नजरेनं बघतो. आनंदीबाईंच्या 58 दिवसांपुढे ते काहीच नाहीत. पण आतली वाटणी बघा. साडेबारा हजार किलोमीटरला चौदा तास आणि शेवटच्या चारशे किलोमीटरला नऊ. टॉमस रोच्या वेळी समुद्र सहा महिन्यांचा आणि सुरतेपासूनची जमीन दोन आठवड्यांची होती. चार शतकांत समुद्राचे सहा महिने अर्ध्या दिवसावर आले. जमीन काही त्या मानानं आटली नाही. मध्य आक्रसला, टोकं राहिली. विमान कंपनीच्या कोष्टकात टोकं नसतात, म्हणून ते कोष्टक शहरातल्या माणसाला खरं आणि आमच्यासारख्याला अर्धं खरं.

टोकं अगदीच जागची हलली नाहीत असंही नाही. ताप्ती मार्ग आता दुहेरी झाला आहे. सुरतेहून 2019 च्या फेब्रुवारीत शारजाला विमान सुरू झालं, 2023 च्या डिसेंबरात तिथल्या विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. आखातात विमान बदलून जाणाऱ्याला खांडबाऱ्याहून सुरत गाडीनं तीन-साडेतीन तास. मुंबईच्या निम्म्याहून कमी. रोच्या काळी परदेशाचं दार सुरत होतं, मग ते मुंबईला गेलं. आता निदान एक झडप पुन्हा सुरतेला उघडली आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या माणसाला हे नवी मुंबईच्या नव्या विमानतळापेक्षा जास्त कामाचं ठरेल, असा माझा अंदाज आहे.

पण खांडबाऱ्यातून परगावी जाणारी बहुसंख्य माणसं विमानानं जात नाहीत. दिवाळी झाली की नवापूर तालुक्यातली कुटुंबंच्या कुटुंबं ट्रकमध्ये बसून दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात, बारडोलीकडच्या कारखान्यांच्या फडांवर. उचल आधीच घेतलेली असते. बारडोली आपल्याच ताप्ती मार्गावर आहे, खांडबाऱ्याहून जेमतेम शंभर किलोमीटर. माझा एक जुना विद्यार्थी तिथं कोयत्यावर होता. त्याची आई गावी वारली. त्याला फोन गेला रात्री आठला, पुतण्याला गेला तसाच, थेट कानात. रात्री फडावरून निघायला वाहन नाही. मुकादमाला विचारायचं, बायको-पोरांची सोय लावायची, भाड्याचे पैसे बघायचे. पहाटे उसाच्या गाडीवर बसून तो बारडोलीला आला, पॅसेंजरची वाट बघितली आणि दुपारी बाराला खांडबारा स्टेशनवर उतरला. स्टेशनवरून पाड्यापर्यंत चालत. तोवर गावकऱ्यांनी आईला नेलेलं होतं. विमानाला मुंबईहून न्यूयॉर्क गाठायला जेवढे तास लागतात तेवढेच, सोळा. त्यातले गाडीत बसलेले फक्त तीन.